सर, पीक गेलं! जिवंत पेशींच्या इन्फ्रारेड चित्रात अमाइड बुडतो तेव्हा

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतरची सकाळ. लॅबच्या व्हरांड्यातून एका विद्यार्थिनीचा फोन आला, "सर, पीक गेलं. सकाळपासून नुसते काटे यायलेत." तिच्या शेजारच्या बाकावर दुसऱ्या विभागात कामाला आलेले एक काका बसले होते. ते हळहळले आणि म्हणाले, "सोयाबीन का कापूस, पोरी?"

तिचं पीक स्पेक्ट्रममधलं होतं, १६५० वरचं. पेशीतल्या प्रथिनांचं ते सगळ्यात उंच शिखर, अमाइड-१. छत्रपती संभाजीनगरातल्या एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं एफटीआयआर मायक्रोस्कोप, म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रम घेणारा मायक्रोस्कोप, चालवतो. हा फोन मला दरवर्षी येतो. पहिला पाऊस पडला की हमखास, आणि मग अधूनमधून वर्षभर. दरवेळी समोरच्याची खात्री असते की मशिन तरी बिघडलं किंवा पेशी तरी मेल्या. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात. घोळ पाण्याचा असतो. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात पाणी नको तिथे सापडतं, आता काय म्हणावं!

नव्यानं आलेल्यांसाठी दोन ओळी. या पद्धतीत पेशीला रंग लावत नाहीत, चमकणारी खूणही चिकटवत नाहीत. इन्फ्रारेड प्रकाश पेशीतून जातो आणि रेणूंमधले बंध आपापल्या लहरसंख्येचा प्रकाश शोषून घेतात. प्रथिनं १६५० आणि १५४५ च्या आसपास, चरबीच्या साखळ्या २९२० आणि २८५० वर, चरबीतला एस्टर १७४० वर, डीएनए-आरएनएमधला फॉस्फेट १२३५ आणि १०८० वर. हे सगळे आकडे 'दर सेंटीमीटरला किती लहरी' या मापातले आहेत, आमच्याकडे माप कुणी बोलत नाही, नुसता आकडा बोलतात. आता अडचण अशी की पेशी जिवंत ठेवायची तर ती पाण्यात हवी, आणि पाण्याचं स्वतःचं दांडगं शोषण १६४५ च्या आसपास आहे. बरोबर अमाइड-१ च्या उरावर.

तक्रार नेमकी कशी दिसते

सगळेच "पीक गेलं" म्हणतात, पण पीक जाण्याच्या तऱ्हा निराळ्या आहेत. आधी आपली कुठली ते बघा.

बाभळीच्या काट्यांसारख्या बारीक, टोकदार रेघा १३०० ते २००० मध्ये आणि पुन्हा ३५०० च्या पुढे उगवल्यात. अमाइड-१ आहे, पण करवतीसारखा दातेरी.

रेघा नाहीत, पण १६५० वर शिखराऐवजी खड्डा पडलाय. अमाइड-२ मात्र १५४५ वर शाबूत.

१६५० च्या आसपास नुसता गोंगाट, दर स्कॅनला वेगळा आकार. बाकी स्पेक्ट्रम गुळगुळीत.

अमाइड ठीक आहे, पण चरबी किंवा फॉस्फेट अचानक वाढलंय आणि गाइड खूश आहेत.

सगळंच सिग्नल दुपारपर्यंत खाली आलंय, आणि ३२०० च्या आसपास एक रुंद टेकाड हळूहळू फुगतंय.

पहिली तऱ्हा हवेतल्या वाफेची. दुसरी आणि तिसरी सेलमधल्या, म्हणजे पेशी ठेवायच्या खिडक्यांच्या डबीतल्या, पाण्याची. चौथीत पाण्याचा दोष नाही, दोष आपल्या हाताचा. पाचवीत पाणी डिटेक्टरच्या पोटात बर्फ होऊन बसलंय. ती दिसली तर मधलं सगळं सोडून थेट नायट्रोजनच्या भागाकडे या.

फुकटातली तपासणी

स्पेक्ट्रमचा १८०० ते १९०० हा तुकडा मोठा करून बघा. तिथे पेशीतलं काहीच शोषत नाही. ती पट्टी मोकळ्या माळरानासारखी सपाट असायला हवी. तिथे काटे असतील तर ते वाफेचेच, दुसरं काही असूच शकत नाही. मग अमाइड-१ वरचे दातही तिचेच. असं सपाट रान आधी बघायची सवय लागली की निम्मे फोन कमी होतात.

काटे वर आहेत की खाली, तेही बघा. वर असतील तर नमुना मोजताना हवेत वाफ जास्त होती. खाली असतील तर बॅकग्राउंड, म्हणजे नमुना नसतानाचं मोजमाप, घेताना जास्त होती. त्या विद्यार्थिनीचे काटे वर होते. विचारलं तर बॅकग्राउंड आदल्या संध्याकाळचं, पावसाच्या आधीचं. ताजं बॅकग्राउंड घेतलं आणि तिचं ऐंशी टक्के काम तिथेच झालं. पावसाळ्यात मी दर तासाला नवं बॅकग्राउंड घ्यायला लावतो. हिवाळ्यात दोन तासांनी चालतं, मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तर यंत्र आपलं आपण शहाण्यासारखं वागतं.

सोबत २३५० कडेही नजर टाका. तिथे दोन उंचवट्यांची जोडी दिसते, ती कार्बन डायऑक्साइडची. ती वाफेसोबत वरखाली होत असेल तर कुणीतरी स्टेजवर वाकून श्वास सोडतंय किंवा झाकण उघडं राहतंय. आमच्याकडे नमुना लावताना चौघं जण कोंडाळं करून उभे राहायचे, लग्नातल्या वरमाला बघितल्यासारखे. आता एकच जण आत असतो आणि झाकण लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं कुणी हात लावत नाही. पर्जची कोरडी हवा आतली दमट हवा बाहेर ढकलते, त्याला तेवढा वेळ लागतो.

इथे एक चूक बहुतेक जण करतात. काटे दिसले की स्कॅन ६४ चे २५६ करतात. स्कॅन चौपट केले तर गोंगाट निम्मा होतो, हे खरं. पण वाफ हा गोंगाट नाही. ती दर स्कॅनमध्ये त्याच जागी हजर असते, त्यामुळे सरासरीत ती पुसली जात नाही, उलट जास्त ठसठशीत दिसते. वर इतका वेळ मोजत बसलात की हवा बदलते, ते निराळंच. त्यापेक्षा रिझोल्यूशन ४ वरून ८, म्हणजे थोडं भरड, करा. पेशीचे पट्टे अंगानं रुंद असतात, त्यांचं ८ वर काही बिघडत नाही. वाफेच्या रेघा मात्र सुईसारख्या अरुंद, त्या पसरून बुटक्या होतात. वेळही वाचतो, आणि जिवंत पेशीच्या बाबतीत वेळ म्हणजे जीव.

शे-दोनशे रुपयांतली तपासणी

यंत्रातली सिलिका जेल बघा. निळी असेल तर ठीक, गुलाबी झाली असेल तर तिचं पोट भरलंय. हॉट एअर ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर काही तास ठेवली की परत निळी होते. एका कॉलेजात ती भाकरीच्या तव्यावर भाजली गेल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. तसं करू नका. त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. आणि यंत्रात जेलऐवजी मॉलिक्युलर सीव्ह असेल तर १२० अंशांनी त्याला घामही फुटत नाही, त्याला अडीचशे-तीनशे लागतात.

हे कंटाळवाणं काम एवढ्यासाठी की यंत्राच्या आत प्रकाश दुभंगणारी जी काच असते, बीमस्प्लिटर, ती बहुतेक वेळा पोटॅशियम ब्रोमाइडची असते. ते मीठच. उघड्यावरच्या मिठाच्या बरणीचं श्रावणात काय होतं ते घराघरात माहीत आहे. म्हणून यंत्र रात्री बंद करू नका, आतली ऊब आणि पर्ज चालू राहू द्या. भारनियमनात तास-दोन तास वीज गेली तर यूपीएसवर निदान यंत्र तरी ठेवा, मॉनिटर गेला तरी चालेल.

पर्जची हवा कॉम्प्रेसरमधून येत असेल तर त्याचा तेलाचा फिल्टर बघा. तेल म्हणजे लांब कार्बन साखळ्या, आणि त्या शोषतात २९२० आणि २८५० वर. म्हणजे थेट चरबीच्या जागेवर. हीच ती चौथी तऱ्हा. औषध दिल्यावर पेशीत चरबी वाढते असा निष्कर्ष घेऊन एक मुलगा तीन दिवस आनंदात होता. त्याचा फिल्टर चांगला होता. पण सेलच्या कडा त्यानं व्हॅसलिननं बंद केल्या होत्या, आणि ते खिडकीवर आत सरकलं होतं. रिकाम्या जागेचा, म्हणजे जिथे पेशीच नाही तिथला, स्पेक्ट्रम घ्यायला सांगितलं. तिथेही चरबी तेवढीच! त्याचा चेहरा उतरला, पण शोधनिबंध छापून झाल्यावर उतरण्यापेक्षा बरं. बोटांचा तेलकटपणा हेच करतो. खिडकी कडेनंच धरा, हातमोजे घालून.

फॉस्फेटचंही तसंच. पेशी पीबीएसमध्ये ठेवल्या असतील तर त्या बफरमध्येच फॉस्फेट आहे, १०८० वर ते दिसणारच. हेपीस हा दुसरा बफर आणि ग्लुकोजसुद्धा त्याच परिसरात डोकावतात. त्यामुळे डीएनएबद्दल काही बोलण्याआधी नुसत्या माध्यमाचा, म्हणजे पेशी ज्यात ठेवल्या त्या द्रवाचा, स्पेक्ट्रम शेजारी ठेवा.

सेल उघडायची वेळ

आता खरं दुखणं. इथे सेल म्हणजे पेशी नव्हे, कॅल्शियम फ्लोराइडच्या दोन खिडक्या आणि मधला स्पेसर, असं सँडविच. दोन्हीला एकच शब्द असल्यानं आमच्याकडे रोज गोंधळ होतो.

पाण्याचा थर किती जाड आहे यावर सगळं ठरतं. ८ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा थर असेल, तर १६४५ वर सुमारे दहावा भाग प्रकाश पार जातो. त्यात अमाइड मोजता येतो. तोच थर २० मायक्रॉनचा झाला तर अर्धा टक्काही जात नाही. मग डिटेक्टरला काही दिसतच नाही आणि तो जे काढतो तो निव्वळ गोंगाट. तिसरी तऱ्हा आली की मी आधी सिंगल बीम, म्हणजे बॅकग्राउंडनं न भागलेला कच्चा स्पेक्ट्रम, बघतो. १६४५ वर रेघ तळाला टेकली असेल तर गणिती उपाय करून काही मिळणार नाही. अंधाराची वजाबाकी केली तरी अंधारच उरतो.

"पण सर, स्पेसर ६ चाच घातलाय." हे वाक्यही दरवर्षीचं. पाकिटावर ६ असेल हो, पण खाली धुळीचा एक कण अडकला किंवा चार स्क्रू सारखे पिळले नाहीत की त्याचे १२ होतात. पाकिटावर विश्वास ठेवू नका, मोजा. त्याला पैसा लागत नाही. सेल रिकामा, कोरडा असताना स्पेक्ट्रम घ्या. दोन खिडक्यांमध्ये प्रकाश मागेपुढे आपटतो, त्यामुळे संथ लाटा दिसतात. दोन लांबच्या शिखरांमध्ये किती पूर्ण लाटा आहेत ते मोजा आणि तो आकडा लहरसंख्येतल्या फरकाच्या दुपटीनं भागा. आमच्या एका सेलमध्ये ३००० ते ११२५ या १८७५ च्या अंतरात ३ लाटा बसल्या. ३ भागिले ३७५०, उत्तर ०.०००८ सेंटीमीटर. म्हणजे ८ मायक्रॉन. ते आम्ही पेन्सिलीनं सेलच्या डबीवर लिहून ठेवलंय. डाव्या कडेला ८ आणि उजव्या कडेला ११ आलं तर खिडकी तिरकी बसलीय, स्क्रू सैल करून परत समोरासमोरचे आळीपाळीनं पिळा. शिवणयंत्राची सुई बसवतो तेवढ्या हलक्या हातानं. कॅल्शियम फ्लोराइड ठिसूळ असतं, आणि गरम खिडकी गार पाण्यात घातली तर तडकतं.

बेरियम फ्लोराइडच्या खिडक्या स्वस्त मिळाल्या म्हणून कुणी आणल्या असतील तर एवढंच सांगतो, त्या पाण्यात थोड्या विरघळतात आणि बेरियम पेशींना मानवत नाही. आलटूनपालटून वापरू नका.

थर बरोबर आहे, तरी अमाइडच्या जागी खड्डा? ही दुसरी तऱ्हा, आणि मला सगळ्यात आवडणारी, कारण इथे कुणाचीच चूक नसते. आपण पेशीच्या स्पेक्ट्रममधून माध्यमाचा स्पेक्ट्रम जसाच्या तसा वजा करतो. पण पेशी जिथे बसली तिथलं पाणी तिनं बाजूला सारलेलं असतं. भरलेल्या बादलीत नारळ बुडवला तर तेवढं पाणी बाहेर सांडतं, तसंच. म्हणजे पेशीच्या जागी पाणी कमी आहे आणि आपण वजा करतोय पूर्ण. जास्तीचं वजा झालं की खड्डा पडणारच.

उपाय २१२५ वर आहे. तिथे पाण्याचा एक रुंद, बुटका पट्टा असतो आणि पेशीतलं काही नसतं. माध्यमाच्या स्पेक्ट्रमला १ ऐवजी ०.९५, ०.९ असं गुणत जा आणि २१२५ चा पट्टा सपाट होईल तिथे थांबा. तो गुणक त्या पेशीचा. शेजारच्या पेशीचा वेगळा येईल, कारण तिची जाडी वेगळी. सगळ्या चित्राला एकच गुणक लावून टाकला की कडांना प्रथिनं आणि मध्यभागी भोकं असं मजेशीर चित्र तयार होतं. एक अट आहे, माध्यमाचा स्पेक्ट्रम त्याच तापमानाला घेतलेला हवा. तापलं की पाण्याचे पट्टे सरकतात. स्टेज ३७ अंशांवर आणि माध्यम एसीतल्या खोलीचं, असं असेल तर २१२५ काही केल्या सपाट होत नाही, तिथे इंग्रजी एससारखी वेडीवाकडी रेघ उरते. ती दिसली की गुणकाशी भांडू नका, माध्यम परत मोजा.

हाच २१२५ अर्ध्या तासानं पुन्हा बघा. उंची कमी झाली असेल तर सेल गळतोय किंवा कडेनं वाळतोय. पाणी उडालं की उरलेल्या माध्यमात मीठ वाढतं आणि पेशी खरोखर मरू लागतात. तेव्हा मात्र विद्यार्थ्याची मूळ शंका बरोबर ठरते.

जड पाणी, म्हणजे ड्युटेरियमचं, वापरलं तर १६५० ची जागा मोकळी होते. काही जण ते सुचवतात. माझं मत, पेशी जिवंत राहिलेल्या हव्या असतील तर नको. त्यानं प्रथिनांचे पट्टे सरकतात आणि पेशींचा कारभारही बदलतो.

नायट्रोजन आणि बर्फ

मायक्रोस्कोपचा एमसीटी डिटेक्टर द्रव नायट्रोजननं उणे १९६ अंशांपर्यंत गार करावा लागतो. सिग्नल पडलं तर आधी साधा प्रश्न विचारा, सकाळी भरला होता का? भरल्यावर वीस-तीस मिनिटं स्थिर होऊ दिला का? आमचा एक ऑपरेटर गावाकडून आलेला, त्याला हा कॅन बघून काही नवल वाटलं नाही. लाल कंधारी आणि देवणी वळूंच्या वीर्यकांड्या जनावरांच्या दवाखान्यात याच नत्रात ठेवतात, तो लहानपणापासून बघत आलाय. फरक इतकाच की दवाखान्यात खिडक्या उघड्या असतात. एक लिटर द्रवाचे जवळपास सातशे लिटर वायू होतात आणि तो खोलीतला प्राणवायू ढकलून देतो. एसीची बंद खोली असेल तर भरताना दार उघडा. वाफेचे काटे आले तरी चालतील.

वेळेवर भरूनही आठ तास टिकणारा नायट्रोजन तीन-चार तासांत संपतोय, डिटेक्टरच्या बाहेरच्या अंगाला घाम धरतोय, आणि ३२०० ला ते रुंद टेकाड दिवसभर वाढतंय, असं असेल तर डिटेक्टरभोवतीची निर्वात पोकळी गेली आहे. आत शिरलेली वाफ गोठून बर्फ होते आणि ते टेकाड त्या बर्फाचं. रात्री गरम होऊ दिला की सकाळी टेकाड नाहीसं दिसतं, म्हणून लोक आठवडेच्या आठवडे तसंच रेटतात. मीही एकदा पूर्ण सप्टेंबर रेटला होता. शेवटी पंधरा दिवस यंत्र बंद ठेवावं लागलं आणि त्या महिन्याचा ३००० च्या पुढचा सगळा डेटा टाकून द्यावा लागला.

इथे थांबा

बर्फाचं टेकाड दिसलं की थांबा. पोकळी परत करायला योग्य पंप आणि ते करणारा माणूस लागतो. डिटेक्टरचा व्हॉल्व्ह स्वतः उघडून बघायचा नाही.

यंत्रात नमुना नसताना डिटेक्टरच्या कच्च्या सिग्नलमधलं मधलं टोकदार शिखर, सेंटरबर्स्ट, नेहमीच्या निम्म्यावर आलं आणि सॉफ्टवेअरमधून अलाइनमेंट करूनही वर जात नसेल, तर थांबा. स्रोत म्हातारा झालाय, आरसा हललाय किंवा बीमस्प्लिटरवर धुकं धरलंय, यातलं काय ते इंजिनिअर ठरवेल. धुकं पुसायला झाकण उघडलं आणि मिठाच्या काचेवर कापूस फिरवला की ती संपली. त्या झाकणाखाली लेझरही असतो, डोळ्यांचा खेळ नको. स्कॅन मध्येच अडकतोय किंवा लेझरचा सिग्नल लुकलुकतोय, तरीही तेच.

आणि सगळं नीट असून पेशी खिडकीवरून सुटून गोल होत असतील तर इंजिनिअरला नाही, पेशी वाढवणाऱ्या सहकाऱ्याला बोलवा. तो माझा प्रांत नाही.

दरवर्षी कुणीतरी विचारतं, "सर, नवीन फोटोथर्मलचं यंत्र घेतलं तर ही कटकट जाईल ना?" २०१६ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या गटानं त्या पद्धतीनं जिवंत पेशींची एक मायक्रॉनहून बारीक तपशिलाची चित्रं दाखवली. इन्फ्रारेडनं रेणू किंचित तापवायचा आणि ते तापणं दृश्य प्रकाशाच्या लेझरनं टिपायचं. आपल्याकडे १६५० वर सहा मायक्रॉनच्या आतलं धूसर होतं, तिथे ते होत नाही. पाणी लवकर तापत नसल्यानं त्याचा त्रासही कमी. पण इन्फ्रारेड लेझर खोलीतल्या हवेतूनच येतो, म्हणून वाफेच्या रेघा तिथेही वाटेत उभ्या असतात. सिलिका जेल भाजणं चुकत नाही.

इंजिनिअरला फोन करण्याआधी एक फाइल तयार ठेवा. नमुना नसतानाचा आजचा सिंगल बीम, आणि यंत्र चांगलं असतानाचा, शक्यतो फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसातला जुना, दोन्ही एकाच सेटिंगवर. सोबत सेंटरबर्स्टची उंची, शेवटचा नायट्रोजन किती वाजता भरला, जेलचा रंग आणि खोलीतली आर्द्रता. जुना सिंगल बीम नसेल तर येत्या फेब्रुवारीत घेऊन ठेवा, आणि फाइलच्या नावात तारीख टाका. 'न्यू', 'न्यू-२', 'फायनल न्यू' अशा नावांच्या आमच्याकडे चाळीस फाइली आहेत, त्यातली चांगल्या दिवसाची कुठली ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.